दीड फेरा

आपल्याला लाज वाटावी अशा गोष्टींची एक छोटीशी यादी प्रत्येकाजवळ असते. माझ्या यादीतली पहिली गोष्ट सांगितली की लोक हसतात; मला मात्र ती सांगताना अजून कानकोंडे होते. हवेच्या दाबाचा धडा मी वर्गात कितीदा तरी शिकवला आहे. दोन कागद ओठांपुढे उभे धरायचे आणि त्यांच्यामधून जोराने फुंकर घालायची. कागद एकमेकांपासून दूर न जाता जवळ येतात आणि मुले चकित होतात. 'पळणाऱ्या हवेचा दाब कमी होतो,' असे मी मोठ्या रुबाबात सांगतो. आणि याच तत्त्वावर चालणारा, मुठीएवढा, आमच्याच ओसरीत उभ्या असलेल्या मोटारसायकलचा कार्बोरेटर मात्र मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही उघडला नव्हता.

ही मोटारसायकल बाबांची. १९९७ साली त्यांनी ती घेतली. आमचे आसेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, वाशीम जिल्हा वेगळा झाला. पण गाडीच्या पाटीवरचा अकोल्याचा आकडा तसाच राहिला. नव्या गाड्या नव्या जिल्ह्याचा क्रमांक मिरवीत जाऊ लागल्या, तेव्हा बाबा आमच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणायचे, "इचं माहेर अकोल्याचं हाय." शंभर सी. सी. ची, साधी, काळ्या रंगाची गाडी. तिने शेतावर डबे नेले, मंगरुळपीरच्या बाजारातून बियाणे आणले, आणि एका पावसाळी रात्री माझ्या पत्नीला बाळंतपणासाठी दवाखान्यातही पोचवले.

बाबा शिकलेले बेताचेच. पण दर खंडेनवमीला ते अंगणात गोणपाट अंथरीत आणि गाडीचा कार्बोरेटर काढून बसत. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, वखर, विळे, पावशी सगळे धुऊन मांडतात आणि त्यांना झेंडूची फुले वाहतात. बाबांच्या मते गाडीला नुसती फुले वाहून भागत नसे. तिच्या पोटातला मळ निघाला पाहिजे, तर ती पूजा. भाग पुन्हा जोडून झाले की ते गाडी सुरू करीत, डोळे मिटीत, मान किंचित कलती करीत आणि ऐकत. एका हाताने स्क्रू बारीक बारीक फिरवीत ते कसलीशी वाट पाहत असायचे. मग त्यांचा चेहरा एकाएकी सैल पडायचा. "आली," म्हणायचे. काय आली, ते मला कधी कळले नाही. शेजारचे लोकही आपापल्या गाड्या घेऊन यायचे आणि बाबा त्यांचेही स्क्रू तसेच डोळे मिटून लावून द्यायचे.

मी सतरा वर्षांचा असताना एकदा बाबा शेतात गेलेले पाहून मी स्क्रूड्रायव्हर हाती घेतला. बाबा स्क्रू आधी पूर्ण आत बसवतात आणि मग मोजून दोन फेरे बाहेर घेतात, एवढे मी पाहून ठेवले होते. 'पूर्ण आत' म्हणजे किती, हे मात्र पाहिले नव्हते. मी सारे बळ लावून तो पिळला. स्क्रूचे टोक आतच मोडले. संध्याकाळी बाबांनी ते पाहिले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी तो मोडका स्क्रू तळहातावर घेऊन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "तू पुस्तकं वाच."

मी पुस्तके वाचली. नंतर शिकवली, आणि पुढे चार-दोन लिहिलीही. एखाद्या मुलाने बापाची आज्ञा इतकी निमूटपणे पाळल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

गेली दोन वर्षे गाडी ओसरीतच उभी होती. बाबा आता सत्त्याहत्तरीचे. "गुडघे दुखतात," म्हणून त्यांनी गाडी सोडली. खंडेनवमीला गोणपाट अंथरणेही सोडले. यंदा लेक अठराची झाली, तिला परवाना मिळाला आणि तिचे कॉलेज सुरू झाले. एस. टी. च्या वेळा आणि कॉलेजच्या वेळा यांचा मेळ काही केल्या बसेना. नवी स्कूटर घ्यायची तर सोयाबीनचे पैसे हाती यायला हवेत. भंगारवाला दोनदा दारावर येऊन गाडीकडे पाहून गेला होता. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आमच्या घरातल्या मंडळींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. बाबा तेव्हा ओट्यावरच बसले होते. त्यांनी एक अक्षर काढले नाही. पण त्या रात्री ते जेवताना नेहमीची अर्धी भाकरी सोडून उठले. माझ्या मनाने घेतले, की यंदाच्या खंडेनवमीला आपणच हा कार्बोरेटर उघडायचा.

"दिव्यापासून दूर बसा," मंडळी म्हणाली. "आणि उरलेले सुटे भाग पिशवीत भरून ठेवा, म्हणजे मेकॅनिककडे नेता येतील." वीस वर्षांच्या संसारात पुरुषाविषयी बायकोचे जे मत तयार होते, ते सहसा चुकत नाही. मी तुळशीवृंदावनापासून लांब, भिंतीच्या सावलीत गोणपाट अंथरले, पेट्रोलचा नळ बंद केला आणि देवाचे नाव घेतले.

ज्यांना या यंत्राशी कधी कर्तव्य पडले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पेट्रोल नुसते जळून इंजिन चालत नाही. त्यात हवा मिसळावी लागते, आणि तीही बेताने. एक ग्रॅम पेट्रोलला जवळजवळ पंधरा ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण जमवण्याचे काम कार्बोरेटरचे. त्याच्या पोटाशी पितळेची किंवा जस्ताची एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठते. घरावरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू वर चढला की जसा नळ बंद होतो, तसाच या वाटीतही एक तरंगता तुकडा असतो. तो पेट्रोलाची पातळी राखतो. वर एक नळी असते, मध्ये गळ्यासारखी अरुंद. इंजिन श्वास घेते तेव्हा हवा त्या गळ्यातून वेगाने धावते, तिचा दाब उतरतो, आणि वाटीतले पेट्रोल बारीक भोकांवाटे आपोआप वर खेचले जाऊन तुषारांनी तिच्यात मिसळते. या भोकांना जेट म्हणतात. गाडी पळताना मोठे जेट काम करते. गाडी जागेवर उभी राहून नुसती धडधडत असते तेव्हा धाकटे, पायलट नावाचे. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. या धाकट्याच्या वाट्याला किती हवा यावी, हे बाजूचा एक स्क्रू ठरवतो. तो आत गेला की हवा कमी होऊन पेट्रोल वरचढ होते. बाहेर आला की उलट. याच स्क्रूचे टोक मी मोडले होते.

पळणाऱ्या द्रवाचा दाब कमी होतो, हे डॅनिएल बर्नूली याने १७३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडले. अरुंद गळ्याचे गणित व्हेन्तुरी नावाच्या इटालियन पंडिताने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. पेट्रोलाचे तुषार उडवणारा कार्बोरेटर मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आला. १८९३ साली बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या दोघांनी आपल्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. जर्मनीत माय्‌बाख यानेही त्याच सुमारास तसाच बनवला. बुडापेस्टकडची एक दंतकथा अशी, की रस्त्याच्या कडेला बसलेली एक फूलवाली नळीने फुंकर घालून फुलांवर पाणी शिंपडीत होती, ते पाहून त्यांना ही युक्ती सुचली. कथा खरी असो वा नसो, मला ती आवडते. आमच्या अंगणातही त्या दिवशी झेंडूचा ढीग पडलेला होता, आणि त्यावर आमची मंडळी ओंजळीने पाणी शिंपडीत होती.

कार्बोरेटर निघाला. वाटी उघडली, तर आत तपकिरी चिकटा आणि तळाशी पाण्याचे चार थेंब. मी सगळे पेट्रोलने धुतले, फडक्याने पुसले, जसे होते तसे जोडले. स्क्रू या वेळी दोन बोटांच्या चिमटीने आत नेला. तो टेकताच हात थांबवला आणि मोजून दोन फेरे बाहेर घेतला. पंधरावीस किका मारल्यावर गाडी सुरू झाली! लेकीने टाळ्या वाजवल्या. पण चोक बंद केला की गाडी बंद. चोक म्हणजे हवेच्या तोंडावर झाकण. ते लावले की गाडी जगते, काढले की मरते. मग मी एक युक्ती केली. रेसचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग इतका वाढवला, की गाडी आरडाओरडा करीत का होईना, चालू राहिली. आवाज मोठा केला की आतला दोष झाकला जातो, हे मला शाळेतल्या अनुभवाने ठाऊक आहे. माझ्या पहिल्या कादंबरीतही मी हेच केले होते.

त्या गोंगाटातही बाबा ओट्यावर स्वस्थ बसून होते. शेवटी लेकच त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आबा, चला ना! बाबांना जमत नाहीये." आबा उठले. गुडघ्यांची तक्रार त्यांनी केली नाही.

"काय करून रायला रे?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो कार्बोरेटरविषयी नव्हताच. "फिल्टर झाडला काय आंधी? सोयाबीनचं कुटार उडून रायलं चहूकडं, अन् तू कार्बोटर खोलत बसला!" फिल्टर काढला, तर त्यात गेल्या दोन हंगामांची धूळ. हवेची वाटच बुजलेली. ती साफ केली. मग म्हणाले, "पायलट जेट उजेडाले धरून पाह्यलं?" मी ते धुतले होते, पाहिले नव्हते. पुन्हा वाटी उघडली, जेट काढले, सूर्याकडे धरले. भोकातून उजेड येत नव्हता.

मी मंडळींकडे शिवणाची सुई मागितली. बाबांनी माझा हात धरला. "सुई नोको घालू. पितळ नरम रायते. भोक मोठं झालं, मंग जन्मभर जास्तीचं पेट्रोल पेईन थे." त्यांनी विजेच्या जुन्या वायरीचा तुकडा मागवला, तिच्यातला तांब्याचा केसासारखा एक तंतू ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांची बोटे थरथरत होती, हे मी तेव्हा पाहिले. तंतू आत गेला, थोडा अडला, मग सरकला. जेट पुन्हा सूर्याकडे धरले, तर सुईच्या अग्राएवढा उजेडाचा ठिपका. लेकीने एक डोळा मिटून तो पाहिला, मी पाहिला. बाबांनीही पाहिला आणि जेट परत दिले.

गाडी या वेळी तिसऱ्या किकेला सुरू झाली आणि चोक काढल्यावरही जिवंत राहिली. मी रेस खाली आणली. इंजिन तापू दिले. "आता तुम्ही लावा," म्हणून स्क्रूड्रायव्हर बाबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला, नेहमीसारखे खाली वाकले, डोळे मिटले, मान कलती केली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तो सैल पडण्याची मी वाट पाहत होतो. तो सैल पडेना. त्यांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली, दुसरा कान पुढे केला. कपाळावर आठ्या आल्या. मग डोळे उघडून, आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता ते म्हणाले, "मले काई आयकू येत नाही आता."

माणूस एखाद्या घरात सबंध आयुष्य काढतो आणि शेजारच्या खाटेवर काय चालले आहे ते त्याला कळत नाही. बाबांना कमी ऐकू येते, हे आम्हांला माहीत होते. आम्ही मोठ्याने बोलत होतो, कधी त्रासून तीनतीनदा सांगत होतो. यंत्र बसवून घेऊ, म्हणून दोनतीनदा विषय काढला आणि त्यांनी तो उडवून लावला, म्हणून गप्प बसलो होतो. पण गाडी त्यांनी गुडघ्यांमुळे सोडली नव्हती. जिच्या आवाजावरून तिचे दुखणे त्यांना कळत असे, ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली, म्हणून सोडली होती. आणि हे सांगण्याजोगे माणूस घरात नव्हते. मुलगा होता, पण त्याला पुस्तके वाचायला सांगितले होते.

मी गाडी बंद करायला हात पुढे केला. बाबांनी मानेनेच नको म्हटले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात ठेवला, आपला उजवा तळहात इंजिनाजवळच्या लोखंडी चौकटीवर टेकला आणि डावा सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. जागेवर धडधडणारी अशी गाडी मिनिटाला साधारण चौदाशे फेरे घेते. म्हणजे त्या तळहातावर सेकंदाला अकराबारा फुंकरी बसत होत्या. त्या कोणाला मोजता येत नाहीत. पण त्यांतली एखादी चुकली, तर हाताला कळत असावे. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आत घे. हळू." मी पाव फेरा आत घेतला. "अजून." आणखी थोडा. "जास्त झालं, मांगं घे." मी केसभर मागे घेतला. बाबांचे दोन्ही हात स्थिर होते. मला वाटते, तेव्हा ते थरथरत नव्हते; की गाडीच्या थरथरीत ते मला कळले नाही, कोण जाणे.

आणि मग तो चेहरा सैल पडला. "आली," ते म्हणाले.

मी स्क्रू किती आत गेला ते मनाशी मोजले होते. तो दोनऐवजी दीड फेऱ्यावर आला होता. "बाबा, तुम्ही तर जन्मभर दोन फेरे सांगत आलात," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. बाबांनी हात फडक्याला पुसले. "पेट्रोल बदललं रे," ते म्हणाले. "आंधीचं राह्यलं नाही."

पेट्रोल बदलले होते, हे खरेच. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलाला ग्रॅममागे पंधरा, तर इथेनॉलला नऊ ग्रॅम. जुन्या मापाने हवा दिली तर मिश्रण पातळ होते. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेते. दोन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत पाण्याचे थेंब सापडले, त्यात नवल नव्हते. ही सारी माहिती मी वर्तमानपत्रात वाचली होती. पण स्क्रू लावताना मात्र मी दोनच फेरे मोजले, कारण बाबा दोन मोजत. बाबांनी यातले काही वाचलेले नव्हते. स्वतःचेच जुने माप मोडताना त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावले. त्यानंतर लेकीने ती धूर तपासायला नेली. २००० सालच्या मार्चअखेरपर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो. आमचा आकडा त्याच्या आत बसला. ती तो कागद नाचवीत घरी आली, तेव्हा मंडळींनी गव्हाच्या पिठाचा हात तसाच ठेवून तो वाचला आणि देवापुढे नेऊन ठेवला.

ही विद्या आता फार दिवस टिकायची नाही, हे मी जाणतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. आता पेट्रोल किती सोडायचे ते एक चिमुकला संगणक ठरवतो. तो हवा मोजतो, उष्णता मोजतो, धुरातला प्राणवायूही मोजतो आणि क्षणोक्षणी आपला हिशेब सुधारतो. त्याला खंडेनवमी लागत नाही. हे चांगलेच झाले. धूर कमी झाला, पेट्रोल वाचले. लेक तर म्हणते, की सोयाबीनला भाव आला की विजेवरची स्कूटर घेऊ. घ्यावी; मी नाही म्हणणार नाही. सोयाबीनला भाव येईपर्यंत बराच अवधी आहे.

तोवर आमच्याकडे रोज सकाळी एक प्रकार घडतो. कॉलेजला निघण्यापूर्वी लेक गाडी सुरू करते आणि तापेपर्यंत थांबते. बाबा ओट्यावरून उतरतात आणि चौकटीवर तळहात ठेवतात. ती त्यांच्या तोंडाकडे पाहते. त्यांनी मान हलवली की ती निघते. कानाचे यंत्र बसवायला ते आता कबूल झाले आहेत. दिवाळीनंतर अकोल्याला जायचे ठरले आहे. "पण त्या यंत्रातून ही आयकू येईन काय?" एवढेच त्यांनी विचारले, आणि आमच्यापैकी कोणालाच खात्रीने उत्तर देता आले नाही.

परवा त्यांनी मान हलवली नाही. मी आतून कपडे घालून शाळेला निघालो होतो. त्यांनी मला हाक मारली, लेकीला नाही. बोटानेच स्क्रू दाखवला आणि म्हणाले, "पाव फेरा. आत."

मी खाली बसून कान दिला. गाडीचा आवाज कालच्यासारखाच होता. निदान मला तसाच वाटत होता. मी स्क्रू पाव फेरा आत घेतला आणि पुन्हा ऐकले. मला काहीही फरक कळला नाही.

"आली?" मी वर पाहून विचारले.

बाबा मोकळेपणाने हसले. "तुले आयकू नाही येत काय?" ते म्हणाले.